वाइल सेमीमेटलचा टोपोलॉजिकल चार्ज लॅपटॉपवर काढताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून वाइल सेमीमेटल (ज्यात इलेक्ट्रॉनचे दोन ऊर्जा-बँड काही सुट्या बिंदूंवरच भिडतात असा पदार्थ) घेणारे विद्यार्थी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फर्मी आर्कचं (नोडच्या सावल्या जोडणाऱ्या, पृष्ठभागावरच्या अवस्थांच्या रेषेचं) चित्र, मग त्याला शोभेल असा चर्न नंबर (एका प्रतलावरच्या फ्लक्सच्या बेरजेतून येणारा पूर्णांक), आणि नोड, म्हणजे बँड भिडण्याचे बिंदू, किती आहेत हे सगळ्यात शेवटी. या क्रमाने काम केलं की आकडे पूर्णांक येतात, चित्रही देखणं येतं, पण व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडायला होतं. म्हणून इथला क्रम ठरलेला आहे: मॉडेल, नोड, चार्ज (नोडभोवतीच्या गोलातून निघणारा पूर्णांक), काप (केझेड स्थिर धरून घेतलेली प्रतलं), पृष्ठभाग. खरा पदार्थ त्यानंतर.

हे सगळं ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर होतं. पुसद असो की आरमोरी, कॉलेजात क्लस्टर नाही म्हणून विषय बदलायची गरज नाही.

तयारी

पायथन, नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब एवढंच लागतं. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इन्स्टॉल करायला बसू नये. अमरावती-नागपूरला गेल्यावर पिपच्या (पायथनची पॅकेजं आणणाऱ्या साधनाच्या) डाउनलोड आदेशाने सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि घरी इंटरनेटशिवाय त्या फोल्डरमधूनच इन्स्टॉल कराव्यात. इथे हमखास एक घोळ होतो. या फाइली पायथनच्या ठरावीक आवृत्तीसाठी आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनलेल्या असतात. मित्राच्या मशीनवर ३.१२ आणि आपल्याकडे ३.१० असेल तर आणलेलं सगळं वाया जातं. निघण्याआधी आपली आवृत्ती आणि सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, हे कागदावर लिहून घ्या.

लाइन केव्हाही जाते हे धरूनच प्रोग्रॅम लिहा. प्रत्येक काप पूर्ण झाला की त्याचा निकाल फाइलमध्ये जोडून टाका, सगळं संपल्यावर एकदाच सेव्ह करू नका. मे महिन्यात दुपारी खोली तापलेली असते, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि तेच काम रेंगाळतं. मोठी गणितं रात्री लावावीत. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. गारवा मिळतो खरा, पण सोबत तुषार आणि ओल आत जाते.

१. मॉडेल लिहिणे

दोन बँडचं जाळीवरचं मॉडेल घ्या. हॅमिल्टोनियन (ऊर्जा देणारी मॅट्रिक्स) म्हणजे तीन पाउली मॅट्रिक्स (सिग्मा-एक्स, सिग्मा-वाय, सिग्मा-झेड) आणि त्यांचे तीन गुणक. केएक्स, केवाय, केझेड हे इलेक्ट्रॉनच्या तरंग-सदिशाचे घटक, बी आणि एम हे आपण निवडायचे आकडे:

डीएक्स = साइन(केएक्स)
डीवाय = साइन(केवाय)
डीझेड = कॉस(केझेड) − कॉस(बी) + एम × [कॉस(केएक्स) + कॉस(केवाय) − २]

ऊर्जा = ± वर्गमूळ(डीएक्स वर्ग + डीवाय वर्ग + डीझेड वर्ग). पुढे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, बी = पाय/२ (पाय म्हणजे π) आणि एम = १ धरलं आहे. त्यामुळे कॉस(बी) शून्य होतो. तिन्ही गुणक एकाच वेळी शून्य झाले तरच दोन बँड भिडतात, आणि या मूल्यांना ते फक्त दोन ठिकाणी घडतं: (०, ०, पाय/२) आणि (०, ०, −पाय/२).

*तपासणी:* पुढे जाण्याआधी चार बिंदूंवरची ऊर्जा जुळवा. (०, ०, ०) वर ± १. (पाय, ०, ०) वर ± १. (पाय, पाय, पाय) वर ± ५. (पाय/२, ०, पाय/२) वर ± १.४१४. एकही चुकला तर चूक बहुधा कंसात किंवा −२ च्या जागेत असते.

*सावधान:* एम कितीही घेऊन चालत नाही. बी = पाय/२ असताना एम ०.५ पेक्षा मोठा हवा, नाहीतर ब्रिलुआं झोनच्या (केएक्स, केवाय, केझेड प्रत्येकी −पाय ते पाय) कडेला आणखी नोड उगवतात. एम = ०.३ घेतला तर (पाय, ०) आणि (०, पाय) या रेषांवर केझेड = ± ०.९२७ ला चार जादा नोड मिळतात, म्हणजे एकूण सहा. कुठल्या तरी पेपरातून मॉडेल उचलून एम मनाने बदलणाऱ्यांना हे कळतच नाही. ते दोनच नोड धरून पुढे जातात.

२. सगळे नोड शोधणे

ब्रिलुआं झोनमध्ये ४० × ४० × ४० चं ग्रिड टाका आणि प्रत्येक बिंदूवर दोन बँडमधलं अंतर, म्हणजे गॅप, काढा. ६४,००० बिंदू आहेत, पण सूत्र हातात आहे, त्यामुळे मॅट्रिक्स सोडवायचीही गरज नाही.

ग्रिड अर्ध्या पायरीने सरकवलेलं हवं. −पाय पासून सरळ ४० समान भाग केले तर एक बिंदू नेमका केझेड = पाय/२ वर, म्हणजे नोडवरच पडतो. शोधताना ते सोयीचं वाटतं, पण पुढच्या टप्प्यांत तेच ग्रिड वापरलं की तिथे खालचा बँड कोणता आणि वरचा कोणता हेच ठरत नाही आणि चर्न नंबर निरर्थक होतो.

ग्रिडवर लहान गॅप दिसला म्हणजे नोड सापडला असं नाही. दोन बँड जवळ येऊन न भिडताच परत फिरू शकतात. ओळखायची रीत सोपी आहे: ग्रिड दुप्पट बारीक करा आणि किमान गॅपचं काय होतं ते बघा. आपल्या मॉडेलमध्ये ४० च्या सरकवलेल्या ग्रिडवर किमान गॅप ०.२६ च्या आसपास, ८० वर ०.१३, १६० वर ०.०७ येतो. दर वेळी निम्मा होतो, कारण वाइल नोडपाशी ऊर्जा अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते. गॅप एखाद्या आकड्यावर अडून बसला तर तो नोड नव्हे. निम्म्याऐवजी चौथा हिस्सा होत असेल तर ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते आहे. तिथे साधा वाइल नोड नसणार, वेगळी चौकशी करावी लागेल.

मग ग्रिडवरचे लहान गॅपचे सगळे बिंदू सुरुवातीचे बिंदू म्हणून द्या आणि सायपायच्या नेल्डर-मीड पद्धतीने गॅपचा वर्ग किमान करा. एकाच बिंदूपासून सुरुवात करू नका, नाहीतर एकच नोड पुन्हापुन्हा सापडत राहतो. सापडलेल्या बिंदूंतून झोनच्या पूर्ण फेऱ्यांचा (दोन पायचा) फरक असलेले वगळा. (०, ०, −पाय/२) आणि (०, ०, ३ पाय/२) हा एकच नोड आहे.

*तपासणी:* यादीत दोनच नोड हवेत. एकटा नोड जाळीवर असूच शकत नाही. झोनमधल्या सगळ्या चार्जांची बेरीज शून्यच यावी लागते, हा निल्सन-निनोमिया प्रमेयाचा नियम आहे. टाइम-रिव्हर्सल सममिती (काळ उलटा फिरवला तरी पदार्थ तसाच राहणं) असलेल्या पदार्थात तर किमान चार नोड लागतात. आपलं मॉडेल ती सममिती मोडतं म्हणून दोनवर भागतं.

३. नोडभोवती गोल आणि त्यातून निघणारा चार्ज

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नोडभोवती ०.२ त्रिज्येचा गोल घ्या. त्रिज्या शेजारच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ठेवा. दोन विरुद्ध नोड एकाच गोलात आले की उत्तर शून्य येतं आणि पदार्थ साधा आहे असा गैरसमज होतो. गोलावर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत २० आणि भोवती ४० असे भाग पाडा. प्रत्येक बिंदूवर हॅमिल्टोनियन सोडवून खालच्या बँडचा आयगेनव्हेक्टर साठवा.

सोडवताना नमपायमधलं हर्मिशियन मॅट्रिक्ससाठीचं फंक्शन वापरा, सर्वसाधारण मॅट्रिक्सचं नाही. सर्वसाधारण फंक्शन ऊर्जा चढत्या क्रमाने देईलच याची खात्री नसते, आणि मग एका बिंदूवर खालचा बँड, शेजारच्या बिंदूवर वरचा, अशी सरमिसळ होते. दुसरं म्हणजे आयगेनव्हेक्टर मिळतात ते मॅट्रिक्सच्या स्तंभांत. पहिली ओळ उचलली तर एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

आता गोलावरचा प्रत्येक छोटा चौकोन घ्या. त्याचे चार कोपरे एकाच दिशेने फिरा: १ ते २, २ ते ३, ३ ते ४, ४ ते १. प्रत्येक पायरीवर दोन आयगेनव्हेक्टरांचा अंतर्गुणाकार घ्या, पहिल्याचा कॉम्प्लेक्स कॉन्ज्युगेट करून. नमपायचं साधं डॉट फंक्शन कॉन्ज्युगेट करत नाही, व्हीडॉट करतं. चार कॉम्प्लेक्स संख्यांचा गुणाकार करा आणि त्या गुणाकाराचा कोन −पाय ते पाय मध्ये घ्या. हा त्या चौकोनाचा फ्लक्स. सगळ्या चौकोनांची बेरीज भागिले दोन पाय म्हणजे चार्ज.

*सावधान:* चारही पायऱ्यांचे कोन वेगवेगळे काढून नुसती बेरीज करू नका. बंद पृष्ठभागावर प्रत्येक पायरी दोन चौकोनांत सामाईक असते, एकदा या दिशेने आणि एकदा उलट. सगळं एकमेकांत कटून उत्तर कायम शून्य येतं. आधी गुणाकार, मग कोन. उत्तर नेहमीच शून्य येत असेल तर आधी हीच ओळ बघा, आणि ती ठीक असेल तर दोन्ही बँड तर बेरजेत घेतले नाहीत ना ते बघा. त्यानेही शून्यच येतं.

आयगेनव्हेक्टरांची फेज मशीन मनाला येईल तशी देतं. ती जुळवत बसू नका. प्रत्येक व्हेक्टर चौकोनाच्या गुणाकारात दोनदा येतो, एकदा साधा आणि एकदा कॉन्ज्युगेट, त्यामुळे फेज आपोआप निघून जाते. फेज गुळगुळीत करण्यात काही जण आठवडा घालवतात. संपूर्ण गोलावर ती गुळगुळीत होणारच नाही, चार्ज शून्य नसण्याचा अर्थच तो आहे.

*तपासणी १:* उत्तर पूर्णांकच यायला हवं, आठव्या-नवव्या दशांश स्थळापर्यंत. ०.९६ सारखं काही आलं तर गोल बंद झालेला नाही. बहुधा शेवटच्या आणि पहिल्या रेखांशामधली चौकोनांची पट्टी राहून गेलेली असते.

*तपासणी २:* पूर्णांक आला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं मात्र नाही. ही पद्धत बंद पृष्ठभागावर कोणत्याही ग्रिडला, अगदी वाईट ग्रिडलाही, पूर्णांकच देते. म्हणून सगळ्यात मोठा एकेरी फ्लक्स छापून बघा. २० × ४० च्या गोलावर तो ०.०१ ते ०.०२ च्या दरम्यान असावा. १ च्या पुढे असेल तर ग्रिड विरळ आहे आणि उत्तरावर विश्वास ठेवू नये. ग्रिड दुप्पट करूनही तोच पूर्णांक आला पाहिजे.

*तपासणी ३:* चिन्ह हाताने काढा. नोडपाशी तिन्ही गुणकांचा जेकोबियन डिटर्मिनंट पाय/२ ला −१ आणि −पाय/२ ला +१ येतो. फिरण्याची दिशा किंवा बँड बदलला तर मशीनवर दोन्ही चिन्हं एकदम उलटतात, ते चालतं. दोन्ही नोडना एकच चिन्ह आलं तर मात्र कुठेतरी गोलाची दिशा पालटली आहे.

४. केझेडचे काप

आता केझेड स्थिर धरून केएक्स-केवाय प्रतलावर तेच गणित करा, ४० × ४० च्या ग्रिडवर. प्रतलाची समोरासमोरची टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून शेवटचा स्तंभ पहिल्याशी जोडायला विसरू नका. केझेड पाय/२ आणि −पाय/२ च्या मध्ये, म्हणजे शून्याच्या बाजूला असेल तेव्हा चर्न नंबर १ (चिन्ह आपल्या दिशेप्रमाणे), बाहेर ०.

नोडच्या अगदी जवळच्या कापात सगळा फ्लक्स केएक्स = केवाय = ० पाशी एक-दोन चौकोनांत गोळा होतो. तिथे सर्वात मोठा फ्लक्स तपासून ग्रिड १२० पर्यंत न्या. सगळ्या कापांना एकच ग्रिड ठेवण्याचा हट्ट नको.

एकदा एम = ०.३ ठेवूनही हाच आलेख काढा. बाहेरून आत येताना चर्न नंबर ० वरून १ होतो आणि ०.९२७ ला एकदम −१ वर उतरतो. तिथे दोनची उडी आहे, कारण त्या एकाच उंचीवर सारख्या चिन्हाचे दोन नोड आहेत. उडीचं माप आणि टप्पा ३ मधले चार्ज जुळले पाहिजेत. हा ताळा अहवालात दाखवला की परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

५. स्लॅब आणि फर्मी आर्क

स्लॅब, म्हणजे मोजक्या थरांची दोन पृष्ठभाग असलेली पाटी, एक्स दिशेने कापा. झेड दिशेने कापला तर दोन्ही नोडची सावली पृष्ठभागावर एकाच बिंदूवर पडते, चार्ज एकमेकांना खोडतात आणि आर्क दिसत नाही. "आर्क येत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी विचारायचं ते हेच.

४० थर घ्या. प्रत्येक (केवाय, केझेड) साठी ८० × ८० ची मॅट्रिक्स होते. थराच्या आतला भाग: साइन(केवाय) × सिग्मा-वाय + [कॉस(केझेड) + एम × (कॉस(केवाय) − २)] × सिग्मा-झेड. शेजारच्या थराकडे नेणारा भाग: (एम × सिग्मा-झेड − आय × सिग्मा-एक्स) ÷ २, आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. परतीचा भाग म्हणजे याचाच हर्मिशियन कॉन्ज्युगेट.

*सावधान:* परतीचा भाग चुकला तरी नमपाय काही बोलत नाही. हर्मिशियन फंक्शन डीफॉल्टने मॅट्रिक्सचा फक्त खालचा त्रिकोण वाचतं आणि वरचा स्वतःच गृहीत धरतं. म्हणून मॅट्रिक्स वजा तिचा कॉन्ज्युगेट-ट्रान्सपोज शून्य येतो का, हे निदान एकदा तपासाच.

या मॉडेलमध्ये पृष्ठभागावरच्या अवस्थांची ऊर्जा ± साइन(केवाय) असते, एका पृष्ठभागाला अधिक आणि दुसऱ्याला वजा. म्हणून शून्य ऊर्जेवरचा आर्क केवाय = ० ची सरळ रेषा येतो, −पाय/२ ते पाय/२. वाकडा आला नाही म्हणून घाबरू नका.

पृष्ठभागाची अवस्था ओळखायला तिचं पहिल्या ४ थरांतलं वजन मोजतात आणि ठरावीक टक्क्यांहून कमी वजनाच्या अवस्था गाळतात. इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: नेमकं केवाय = ० घेतलं तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या अवस्थांची ऊर्जा जवळजवळ सारखी होते आणि मशीन त्यांचं मिश्रण देतं. वजन दोन्हीकडे अर्धं-अर्धं दिसतं आणि गाळणीतून दोन्ही निसटतात. केवाय = ०.०२ घ्या, अवस्था सुट्या होतात.

दुसरा: ७० टक्के वजनाची गाळणी लावली की आर्कची टोकं तुटलेली दिसतात. एम = १ असताना केवाय = ० पाशी अवस्थेचा विस्तार दर थराला (१ − कॉस केझेड) पटीने घटतो. केझेड = ० ला ती पहिल्याच थरात बसलेली असते. केझेड = १.४ ला पट ०.८३ होते आणि ४ थरांत सुमारे ७७ टक्के वजन मावतं. १.५ ला पट ०.९३, वजन जेमतेम ४५ टक्के. म्हणजे आर्क नोडपर्यंत पोहोचलेला असतो, पण आपली गाळणी त्याला कापते. टोकाकडे जाताना मोजायचे थर वाढवा, पण अर्ध्या स्लॅबच्या आतच ठेवा.

थर कमी घेऊ नका. २० थरांत दोन्ही पृष्ठभागांच्या अवस्था नोडजवळ एकमेकींपर्यंत पोहोचतात आणि तिथे खोटा गॅप उघडतो. ४० वर तोच गॅप बराच लहान होतो. थर वाढवल्यावर गॅप आवळत गेला तर तो स्लॅबच्या जाडीचा दोष समजा.

६. खऱ्या पदार्थाकडे

क्वांटम एस्प्रेसो, वानियर९० आणि वानियरटूल्स ही तिन्ही साधनं मोफत मिळतात. पण डीएफटीचं (खऱ्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचे बँड मुळापासून काढण्याचं) गणित गावातल्या लॅपटॉपवर करण्यात अर्थ नाही. ते विद्यापीठाच्या किंवा ओळखीच्या संशोधकाच्या मशीनवर करून वानियर हॅमिल्टोनियनची (डीएफटीच्या निकालातून काढलेल्या, वरच्यासारख्या जाळीवरच्या मॉडेलची) फाइल आणावी, आणि टप्पे २ ते ५ घरी करावेत.

फाइल हातात आल्यावर वानियरचे बँड डीएफटीच्या बँडवर ठेवून फर्मी पातळीजवळ जुळतात का ते आधी बघा. नोड तिथेच असतात, आणि काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फरकानेही ते सरकतात किंवा नाहीसे होतात.

कॅडमियम आर्सेनाइड किंवा सोडियम बिस्मथाइड निवडलं असेल तर थांबा. ते डिरॅक सेमीमेटल आहेत. इन्व्हर्जन (केंद्राभोवती सगळ्या दिशा उलटवणं) आणि टाइम-रिव्हर्सल दोन्ही सममिती असल्याने प्रत्येक बँड दुहेरी असतो आणि नोडभोवतीचा एकूण चार्ज शून्यच येतो. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. तिथे स्फटिकाच्या फिरण्याच्या सममितीवरून वर्गीकरण करावं लागतं, ही पद्धत पुरत नाही.

टँटॅलम आर्सेनाइड घ्यायचं असेल तर स्पिन-ऑर्बिट जोडणी (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांची जोडणी) चालू ठेवूनच गणित करून घ्या. ती नसेल तर बँड बिंदूंऐवजी वलयांवर भिडतात आणि वाइल नोड शोधणं व्यर्थ ठरतं. जोडणीसह २४ नोड मिळायला हवेत: ८ केझेड = ० च्या प्रतलात आणि १६ त्याबाहेर. सगळे २४ स्वतंत्रपणे शोधू नका. प्रत्येक गटातला एक नीट पक्का करा, बाकीचे स्फटिकाच्या सममितीने काढा आणि त्या जागी गॅप खरंच मिटतो का ते तपासा. आरशाच्या सममितीने किंवा टाइम-रिव्हर्सलने नोड नेताना चार्जच्या चिन्हाकडे लक्ष ठेवा: आरसा चिन्ह उलटवतो, टाइम-रिव्हर्सल उलटवत नाही. झेडला लंब पृष्ठभागावर प्रतलाबाहेरचे नोड सारख्या चिन्हाच्या जोडीने एकमेकांवर पडतात. अशा प्रत्येक सावलीतून एक नव्हे तर दोन आर्क निघाले पाहिजेत.